सात विहिरींचं पाणी आणि हार्जितोंचं दुखणं

माणसाला आपलं दुखणं आपण निवडायची सोय असती, तर हार्जितोंनी हृदयविकार मागून घेतला असता. हृदयविकाराला एक इभ्रत आहे. माणसं संत्री घेऊन भेटायला येतात, आवाज खाली आणून बोलतात, साहेब स्वतः रजेच्या अर्जावर सही करतात आणि ‘फार ताण घेतात हो कामाचा’ असं चारचौघांत म्हणतात. मूळव्याधीला कोणी संत्री आणत नाही. तिचं नाव निघालं की सभ्य माणूस छताकडे बघतो आणि असभ्य माणूस तुमच्या खुर्चीकडे.

हार्जितो क्लातेनच्या जमीन-नोंदणी कचेरीत सत्तावीस वर्षं एकाच लाकडी खुर्चीवर बसत आले होते. शिवाय रोज सकाळी पाऊण तास संडासात पेपर वाचायची सवय. अग्रलेखसुद्धा सोडायचे नाहीत. तेव्हा दुखणं अगदीच आगंतुक होतं असं म्हणता येणार नाही, पण त्यानं वेळ मात्र नेमकी साधली. लेकीच्या, लारासच्या, लग्नाला बारा दिवस उरले होते.

आता लग्न म्हटलं की बापाला उभंच राहायचं असतं, असं कुणी म्हणेल. जावा बेटावर तसं नाही. तिथं लग्नात वजनाचा विधी असतो. वधूपिता मांडवात कोचावर बसतो. त्याच्या एका मांडीवर लेक बसते, दुसऱ्या मांडीवर जावई. मग वधूमाय समोर येऊन विचारते, “कोण जड?” आणि बाप म्हणतो, “दोघं सारखेच.” म्हणजे आजपासून लेक आणि जावई आपल्याला सारखे. विधी फार सुंदर आहे. लारास शेहेचाळीस किलोची होती. जावई युधान्तो चौऱ्याण्णव किलोचा होता.

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, असं म्हणतात. हार्जितोंचा जावई वैद्य नव्हता एवढंच नशीब. तो पुलांचा इंजिनिअर होता. कुठल्या पुलावर किती भार घालावा हे सरकारला सांगायचं त्याचं काम, आणि आता तो स्वतःच हार्जितोंवर येऊन बसणार होता.

“मी काय म्हणते, लारासचे बाबा,” त्यांची बायको विनार्सी म्हणाली, “मोठ्या भावजींना बसवू या का तेवढ्यापुरतं?”

“बापाच्या जागी काका कधी बसतो?”

“कधी?”

“बाप वारल्यावर! आठशे माणसांसमोर मला मारून टाकतेस? आणि मी कुठं उभा राहू तेव्हा? फोटोत? हार घालून?”

“मग डॉक्टरकडे तरी जा.”

“जातो. पण कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर कंबर.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, या हिशेबानं हार्जितो आरोग्य केंद्रात गेले. खिडकीतल्या मुलीसमोर माइक होता. नंबर पुकारायला दिलेला तो माइक ती बंद करायचं कधी लक्षात ठेवत नसे.

“तक्रार काय, बापाक?” जावात वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ती म्हणाली, आणि तिचा आवाज साठ बाकांवर घुमला.

हार्जितोंनी मागं पाहिलं. तिसऱ्या बाकावर त्यांच्याच कचेरीतला शिपाई होता. “कंबर,” ते म्हणाले.

कंबर म्हटल्यावर त्यांना कंबरेच्या खोलीत पाठवलं. तिथल्या तरुणानं त्यांना पट्टा बांधला, पाच वेळा वाकवलं, पाच वेळा उठाबशा काढायला लावल्या आणि रोज दोन तास टणक खुर्चीवर ताठ बसायचा सल्ला दिला. हार्जितो घरी आले ते भिंतीला धरून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकी. “कालची कंबर रद्द करायचीय,” ते कुजबुजले.

“कंबर रद्द होत नाही, बापाक,” माइक म्हणाला. “एका कार्डावर आठवड्याला एक तक्रार. दुसरी घालायची तर पहिली बरी झाली असं लिहून द्यावं लागतं.”

“बरी झाली.”

“एका दिवसात? वा! आणि आता काय होतंय?”

हार्जितोंनी कागद मागून घेतला, त्यावर लिहिलं आणि घडी घालून आत सरकवला. मुलीनं घडी उलगडली. ती शिकलेली होती, कामात चोख होती, आणि तिला मोठ्यानं वाचायची सवय होती. साठ बाकांनी एकदम छताकडे पाहिलं. शिपाई तेवढा तिथं नव्हता, पण त्याची बायको होती.

डॉक्टरीणबाई मात्र समजूतदार होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. “हे बघा काका, आपल्या सगळ्यांना तिथं रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. तुम्हाला आहेत, मला आहेत, जिल्हाधिकाऱ्यांनाही आहेत. तासन्‌तास बसलं, कुंथलं, पाणी कमी प्यायलं की त्या सुजतात. त्यात लाजण्यासारखं काय?”

जिल्हाधिकाऱ्यांनाही आहेत हे ऐकून हार्जितोंना जरा बरं वाटलं.

“तुमची अगदी सुरुवात आहे. भाज्या, फळं, भरपूर पाणी. संडासात पेपर न्यायचा नाही. आणि रोज दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसा. जांभळ्या पानांचा काढा घेणारच असाल तर घ्या, माझी आजीही द्यायची. पण त्याच्या भरवशावर बाकीचं सोडू नका. आणि रक्त जास्त गेलं तर काढा पीत बसू नका, इथं या.”

“बारा... दहा दिवसांत चौऱ्याण्णव किलो पेलवेल?”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही नक्की कुठल्या कचेरीत आहात?”

कोमट पाणी फुकट मिळतं, आणि फुकटच्या औषधावर हार्जितोंचा विश्वास नव्हता. त्यांची सगळी भिस्त जांभळ्या पानांवर होती. त्यांची आई त्याच पानांचा काढा वडिलांना द्यायची. पंचाईत एवढीच, की या झुडपाचा दुसरा काही उपयोग कुणालाच ठाऊक नाही. कुंपणाला लावायचं आणि मूळव्याधीला तोडायचं. म्हणजे पानं मागितली की रोग सांगितला. आणि गल्लीत हे कुंपण एकाच घराला होतं, ते बू कार्सिनींच्या, म्हणजे कार्सिनीबाईंच्या. बू कार्सिनींना सांगितलेली गोष्ट गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपवर घालावी लागत नसे, ती आधीच पोचलेली असे.

“काय सुरेख वाढलंय हो कुंपण तुमचं,” हार्जितो दारात उभं राहून म्हणाले.

“बसा ना, बापाक.”

“नको, उभाच बरा आहे.”

“हं,” बू कार्सिनी म्हणाल्या. त्या ‘हं’मध्ये सगळं आलं. “किती देऊ? सात की चौदा?”

“नाही, म्हणजे... लग्नाच्या सजावटीला हवी होती.”

“सजावटीलाच हो! मी कुठं दुसरं काही म्हटलं? आमच्या ह्यांनाही मागच्या साली सजावट झाली होती. फार ठणकायची. सात पानं, दोन पेले पाणी, एक पेला उरेस्तोवर आटवायचं. चिमूटभर हळद. सजावट आठवड्यात बसते.”

जावाच्या माणसाची सभ्यता अशी, की तो तुमच्या तोंडावर तुमच्या रोगाचं नाव मरेस्तोवर घेणार नाही. मदत मात्र केल्यावाचून राहणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हार्जितोंच्या दारात जांभळ्या पानांच्या तीन कुंड्या होत्या. तिसऱ्या दिवशी नऊ झाल्या. रविवारपर्यंत अठरा. प्रत्येक कुंडीला चिठ्ठी, ‘लग्नाच्या सजावटीसाठी, सप्रेम’. एक कुंडी कचेरीकडून होती आणि तिच्यावर साहेबांची सही होती. ज्यांच्याकडे कुंडी नव्हती त्यांनी आटवलेला काढाच थर्मासमधून पाठवला. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून हार्जितोंनी सोमवारी चार थर्मास रिकामे केले आणि मंगळवार सबंध संडासात काढला. तोही बिनपेपरचा. डॉक्टरीणबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, “काका, सगळे काढे बंद. नुसतं पाणी प्या आणि पाण्यात बसा.” भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्यांची गत झाली होती, पण कुत्रे अठरा होते आणि सगळे प्रेमळ होते.

मांडववाला आला. मांडवाच्या दाराशी केळीचे घड, ऊस, शहाळी असं सगळं बांधायची रीत आहेच. त्यानं अठरा कुंड्या पाहिल्या, चिठ्ठ्या वाचल्या, आणि सरळ दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मांडून टाकल्या. हार्जितो धावले, म्हणजे त्या दिवसांत जेवढं धावता येत होतं तेवढं धावले, पण तोवर सुराबायाहून आलेले व्याही गाडीतून उतरत होते.

“हे नवीन दिसतंय,” व्याही कुंड्यांकडे बोट दाखवून म्हणाले. “आमच्याकडे ही पानं नसतात दारात. अर्थ काय याचा?”

प्रश्न नवरी सजवणाऱ्या आणि सगळे विधी सांगणाऱ्या बू सुमिराहना होता. चाळीस वर्षांत त्यांना कुठल्याही पानाचा अर्थ आला नाही असं झालं नव्हतं. त्यांनी पापणीही न लववता सांगितलं, “यजमानांची सहनशीलता.”

व्याह्यांनी आदरानं मान झुकवली.

एवढं सगळं होऊनही, सांगायचं म्हणजे, कोमट पाण्यानं गुण येत होता. विनार्सी रोज मागच्या न्हाणीत निळ्या प्लास्टिकच्या टबात पाणी भरून ठेवायची, हार्जितो दाराला कडी लावून बसायचे. ठणका ओसरला, सूज उतरली. लग्नाच्या आदल्या सकाळी ते पाटावर बसून अख्खा नाश्ता करून उठले, तेव्हा विनार्सीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“जमेल हो तुम्हाला,” ती म्हणाली.

“जमेल म्हणजे? बाप आहे मी.”

त्या दिवशी नवरीचं न्हाण होतं. त्यासाठी सात विहिरींचं पाणी आणतात, त्यात गुलाब-मोगऱ्याच्या पाकळ्या टाकतात, दोन नारळ एकमेकांना बांधून सोडतात. त्यातलंच थोडं पाणी नवऱ्या मुलाकडे पाठवतात, म्हणजे दोघांचं न्हाण एकाच पाण्यानं होतं. घर पाहुण्यांनी फुललं होतं, व्याह्यांचा मुक्काम दोन गल्ल्या पलीकडे होता. “दहाच्या आत आटपून घ्या, पाणी ठेवलंय,” असं विनार्सी जाता जाता म्हणाली. कुठं ठेवलंय ते म्हणाली नाही. पोरं पाकळ्यांत हात घालतात म्हणून बू सुमिराहनी न्हाणाचं पाणी मागच्या न्हाणीत, कडीच्या आत नेऊन ठेवलं होतं. निळा टब विनार्सीनं कोठीच्या खोलीत हलवला होता.

हार्जितो न्हाणीत शिरले आणि त्यांनी कडी लावली. समोर तांब्याचं भलंमोठं घंगाळ होतं. वर पाकळ्या तरंगत होत्या.

तीस वर्षांच्या संसारात विनार्सीनं त्यांच्यासाठी पाण्यात फूल टाकलं नव्हतं. हार्जितोंनी एक पाकळी उचलून हुंगली. पाणी गार होतं, पण बिचारीनं सकाळीच भरून ठेवलं असणार. दोन नारळ होते. नारळ कशाला, हे त्यांना कळलं नाही, पण गल्लीतल्या कुणीतरी तोही उपाय सांगितला असेल. उभ्या आयुष्यात पन्नास लग्नांत त्यांनी हे घंगाळ पाहिलं होतं. पण आजारी माणसाला सगळं जग औषधच दिसतं. त्यांनी नारळ अदबीनं बाजूला केले आणि ते सात विहिरींच्या पाण्यात पंधरा मिनिटं बसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढीच. उठताना टापटिपीचा माणूस म्हणून नारळ पुन्हा मधोमध सोडले.

खोलीत जाऊन कपडे करून पाव तासानं ते बाहेर आले तेव्हा विनार्सी समोर उभी.

“आज बसला नाहीत का हो? कोठीतलं पाणी पार गार झालं.”

“बसलो की! फुलांची काही गरज नव्हती, पण बरं वाटलं हो. खरंच बरं वाटलं.”

“कुठली फुलं?”

दोघंही न्हाणीकडे बघायला लागले. विनार्सीनं विचारलं,

“नारळ होते?”

“होते.”

“आणि तुम्ही तरी...”

“मला वाटलं, उपाय आहे!”

“देवा! आणि बू सुमिराहनी आत्ताच व्याह्यांकडं घडा भरून पाठवलान्‌!”

नवरीचं न्हाण साडेदहाला होतं. विनार्सीनं घंगाळाला धक्का दिला, सगळं पाणी मोरीत गेलं, आणि मग “अगंबाई, सांडलं!” म्हणून ओरडली. गल्ली धावली. चाळीस मिनिटांत पुन्हा सात विहिरींचं पाणी जमवायचं म्हणजे थट्टा नव्हती. पाच विहिरी गल्लीतच निघाल्या, सहावं पाणी मशिदीच्या नळाचं, आणि सातवं बाटलीतलं, ज्याच्यावर डोंगरातल्या झऱ्याचं चित्र होतं. बू सुमिराहनी चित्र पाहून ते पास केलं. बू कार्सिनी कळशी ओतताना विनार्सीच्या कानात म्हणाल्या, “सांडलं होय? कोण सांडलं त्यात?” त्यांना काही सांगावं लागत नसे.

इकडं हार्जितो कोठीच्या खोलीत निळ्या टबाजवळ उभे होते आणि हातात फोन होता. घडा गेला होता. सांगितलं तर अब्रू जाते, न सांगितलं तर जावई त्या पाण्यानं न्हातो. कुणाला काही कळणार नाही, असं मन म्हणत होतं. पण उद्या त्याच पोराला मांडीवर घेऊन ‘सारखेच’ म्हणायचं होतं. लेकीचं पाणी ओतून टाकलं आणि त्याचं तसंच राहू दिलं, तर सारखेपणा राहिला कुठं? या विचाराला त्यांना अर्धा तास लागला. मग त्यांनी नंबर लावला.

“युधान्तो, ते पाणी अंगावर घेऊ नकोस.”

“का बाबा?”

“त्यात मी होतो.”

“होता म्हणजे?”

“बसलो होतो. पंधरा मिनिटं. डॉक्टरांनी सांगितलंय.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, खुर्चीपासून नारळापर्यंत. बायको आणि डॉक्टर सोडून दुसऱ्या माणसाला त्या रोगाचं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तोंडानं सांगितलं.

पलीकडे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

“बाबा,” युधान्तो म्हणाला, “सात वडीलधाऱ्यांनी ओतून झालंय. शेवटच्या तांब्यानं चूळ भरली मी.”

हार्जितोंनी डोळे मिटले. “तुझ्या वडिलांना सांगणार?”

“काय सांगू? ते मघापासून म्हणताहेत, पाण्याला काय सुगंध आहे.” मग त्याचा आवाज खाली आला. “बाबा, फार दुखतं का हो?”

गेल्या बारा दिवसांत पानं सगळ्यांनी दिली होती, काढे सगळ्यांनी पाजले होते. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हार्जितोंनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मांडवात आठशे माणसं होती. हार्जितो कोचावर बसले. लारास हलकेच येऊन डाव्या मांडीवर बसली. युधान्तो उजव्या मांडीवर आला. हार्जितोंनी दात आवळले, श्वास रोखला आणि वाट पाहिली. भार आलाच नाही.

विधींचं वर्णन करणारा सूत्रधार माइकवर जुन्या जावी भाषेत रंगात आला होता. पित्याच्या मांडीचं माहात्म्य सांगताना तो सूर्यापासून सुरुवात करून नुकताच चंद्रापर्यंत पोचला होता. हार्जितोंनी तिरक्या नजरेनं पाहिलं. युधान्तो बसलेला दिसत होता, पण बसला नव्हता. त्यांच्या मांडीच्या बोटभर वर तो अधांतरी थांबला होता. बाटिकच्या लुंगीत त्याच्या पिंढऱ्या थडथडत होत्या आणि कपाळावरून घाम चेहऱ्याच्या रंगावर ओघळत होता.

“बस,” हार्जितो ओठ न हलवता म्हणाले.

“नको बाबा. ठीक आहे मी.”

“पडशील. बस म्हणतो ना.”

“तुम्हाला त्रास होईल. कुणाला कळत नाहीये.”

“मला कळतंय! आठशे माणसांसमोर मला ‘सारखेच’ म्हणायचंय. एक पोर मांडीवर आणि एक हवेत, त्याला सारखं कसं म्हणू? खोटं बोलायला लावू नकोस मला. बस.”

युधान्तो बसला. पूर्ण बसला, चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव किलो. हार्जितोंच्या डोळ्यांपुढे सूत्रधाराचा सूर्य आणि चंद्र दोन्ही एकदम आले.

विनार्सी समोर येऊन उभी राहिली. “लारासचे बाबा,” तिनं विचारलं, “कोण जड?”

“सारखेच!” हार्जितो ओरडले. इतक्या मोठ्यानं की माइकची गरज पडली नाही. “दोघं अगदी सारखेच!” त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पहिल्या रांगेत व्याही रुमाल काढून हमसून रडायला लागले, आणि त्यांचं बघून मांडवभर रुमाल निघाले.

“उठा रे आता दोघं, लवकर उठा,” विनार्सी घाईनं पुटपुटली. युधान्तो उठायला लागला. पण हार्जितोंनी दोघांच्या कमरेभोवती टाकलेले हात काढले नाहीत.

“थांब गं जरा,” ते म्हणाले. “बसू दे त्यांना.”